पाट्यांवरचे स्वार

लंडनच्या पूर्वेकडे कस्टम हाउसला उतरणारी बहुतेक माणसं दक्षिणेच्या भव्य प्रदर्शन-दालनांकडे वळतात. उत्तरेला मात्र साध्या घरांची वस्ती आहे आणि तिथल्या पाट्या वाचाव्यात अशा आहेत : ॲटकिन्सन रोड, विल्किन्सन रोड, यंग रोड, हॉस्किन्स क्लोज. 1972 मध्ये पाडलेलं वेस्ट हॅम स्टेडियम इथेच होतं. ही नावं तिथल्या मोटारसायकल-स्वारांची, आणि हॉस्किन्स हे त्यांचे व्यवस्थापक. ब्रेक नसलेली गाडी, डाव्या बुटाला पोलादी तळ, कोळशाच्या राखेची धावपट्टी. वळण आलं की तो पाय टेकवून गाडी आडवी घसरवायची. स्पीडवे नावाच्या या खेळाची पहिली शर्यत 1923 मध्ये ऑस्ट्रेलियात मेटलंडला झाली की आणखी कुठे, यावर इतिहासकार अजून भांडतात. मला तो वाद गौण वाटतो. खेळ जन्मला कुठे यापेक्षा तो जगला कशामुळे, हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याचं उत्तर 1929 मध्ये सुरू झालेल्या संघांच्या लीगमध्ये आहे.

19 फेब्रुवारी 1928 ला एपिंगच्या जंगलात हाय बीचला या शर्यतींसाठी लोटलेली गर्दी नवलाईची होती, आणि नवलाई ओसरतेच. लीग आली तशी शर्यत दोन आपले, दोन त्यांचे अशी झाली. जोडीदाराला वाट करून देणं हेही कसब ठरलं. उत्तरेकडच्या लीगमधले कितीतरी संघ पहिल्याच हंगामात गळाले, हा आक्षेप खरा आहे. पण उरलेल्यांच्या बळावरच 1932 मध्ये उत्तर-दक्षिण दोन्हीकडच्या संघांची मिळून नॅशनल लीग उभी राहिली. दुसरा आक्षेप असा, की ही मैदानं तगली ती कुत्र्यांच्या शर्यतींच्या पैशावर. मैदान तगलं असेल. माणसं त्यामुळे आली नाहीत. याच वेस्ट हॅम स्टेडियमवर थेम्स नावाचा फुटबॉल संघ खेळत असे. तोही फुटबॉलच्या लीगमध्येच होता, तरी 6 डिसेंबर 1930 च्या सामन्याला जेमतेम 469 प्रेक्षक आले. फुटबॉलसाठी या भागाचा जीव आधीच वेस्ट हॅम युनायटेडवर जडलेला होता. राखेवरच्या स्वारांनी त्याच वेस्ट हॅमचं नाव घेतलं, छातीवर तेच दोन हातोडे लावले, आणि लोकांनी त्यांना आपलं म्हटलं. लीगचं वेळापत्रक एकट्याने काही करत नाही. त्यात वस्तीचं नाव लागलं की परका स्वारही घरचा होतो. ब्लुई विल्किन्सन ऑस्ट्रेलियाचा. 1938 मध्ये तो जगज्जेता झाला, 1940 मध्ये सिडनीत रस्ता-अपघातात गेला. त्याच्या नावाचा रस्ता आहे तो इथे, कस्टम हाउसला.