मनगटाला आधार कुणाचा?

अमेरिकेतल्या मिलवॉकीत १९८०च्या दशकात कारखाना तिथे बोलिंग लीग असायची. बिअर आणि मोटरसायकली बनवणारं हे गाव. अमेरिकन बोलिंग काँग्रेसचं मुख्यालयही तेव्हा शेजारच्या ग्रीनडेललाच होतं. हिवाळा संपता संपत नसे आणि क्रिकेटचं नाव काढलं तर लोकांना किडा आठवे. पुण्या-सांगलीकडून आलेले आम्ही चार-दोन इंजिनिअर मग मुकाट्याने बोलिंगच्या टीममध्ये शिरलो, आणि थोड्याच दिवसांत मनगटं चोळत घरी येऊ लागलो.

चेंडूचं वजन जास्तीत जास्त १६ पौंड, म्हणजे जवळजवळ सव्वासात किलो. हात मागून झोकात खाली येतो तेव्हा हे वजन मनगटाला मागे मोडायला बघतं. एकदा का मनगट मोडलं की अंगठा उशिरा सुटतो, बोटांना चेंडू फिरवायला सवड उरत नाही आणि चेंडू ६० फूट नुसता घरंगळत जातो. पिनांच्या ऐन फटीत तो तिरका घुसायला हवा. ६ अंशांच्या आसपासचा कोन उत्तम मानतात. त्यासाठी शेवटी वळणारा हुक लागतो. म्हणून मनगट ताठ ठेवायचं, जमलं तर किंचित आत वळवायचं, आणि आपल्याने ते होत नसेल तर पट्टा बांधायचा.

पट्टा मिळायचा प्रो शॉपमध्ये. बोलिंग सेंटरच्या दाराशीच एक लहानशी खोली, मध्ये चेंडूला भोकं पाडायचं ड्रिल, आणि त्याच्यामागे एक खडूस म्हातारा. पट्टा मागितला की तो आधी लेनकडे बोट दाखवायचा. टाकून दाखव म्हणे. मग हाताची घडी घालून मागे उभा राहायचा. चेंडू कुठे गेला याकडे त्याचं लक्षच नसे, तो फक्त हात सुटतो कसा ते बघायचा. कुणाला त्याने साधा इलॅस्टिकचा पट्टा दिला, कुणाला तळहातापासून मनगटाच्या वरपर्यंत पत्र्याची पट्टी असलेला चामडी हातमोजा, कुणाला तर्जनीलाही टेकू देणारा मोठा प्रकार. पण बऱ्याच जणांना तो काहीच न विकता परत पाठवायचा. अंगठ्याचं भोक ढिलं असलं की माणूस चेंडू निसटू नये म्हणून आवळून धरतो आणि त्यानेच मनगट भरून येतं, हे त्याच्याकडून कळलं. भोकात टेपचा तुकडा चिकटवला की काम व्हायचं. तो टेप तो फुकट द्यायचा.

त्या पत्र्याच्या पट्ट्यांचे गोडवे मात्र मी गाणार नाही. चामडं घामाने कुबट वास मारायचं, रिव्हेट गंजायचे, आणि कोन एकच, कंपनीने ठरवून दिलेला. भरीला हॉलभर सिगारेटचा धूर. आजचे पट्टे त्यांच्या कितीतरी पुढे गेले आहेत. ॲल्युमिनियमचे, कार्बन फायबरचे, हलके. मनगट किती आत घ्यायचं, कुठल्या बाजूला कलवायचं, तेही खिट्टी फिरवून ठरवता येतं. पण ते विकणारी वेबसाइट विचारते उजवा की डावा, स्मॉल की लार्ज, रंग कोणता. हात कसा सुटतो हे तिने विचारावं तरी कसं? मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढता येतो, पण तो बघून सांगणारं कुणीतरी लागतंच.

मुंबईत लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात ‘बोलिंग कंपनी’ निघाली, तेव्हा सुट्टीत भाच्यांना घेऊन गेलो होतो. तिथे पट्ट्याचा प्रश्नच नव्हता. वाढदिवस, पिझ्झा, मोठ्याने गाणी, आणि स्ट्राइक पडला की आरडाओरडा. मजा आली, पण लीगची मंडळी हा खेळ ज्या गांभीर्याने खेळून मनगटं दुखवून घेतात ते तिथे कुणाला सांगून पटलं नसतं.

पुढे चेंडूच बदलले. आधी प्लास्टिकचे होते, १९८०च्या दशकात युरेथेनचे आले, आणि १९९०च्या दशकात रिॲक्टिव्ह रेझिनचे. रेझिनचा चेंडू तेलकट लेनवर सरकत जातो आणि कोरडी लाकडं लागली की स्वतःच पकड घेऊन वळतो. जे वळण मिळवायला आम्ही पत्रे बांधले, त्यातलं बरंचसं आता चेंडूच्या कातड्यात आलं.

त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या जेसन बेल्मॉन्टीसारखे दोन हातांनी टाकणारे आले. २००९मध्ये त्याने व्यावसायिक बोलिंगपटूंच्या पीबीए स्पर्धांमधलं पहिलं विजेतेपद मिळवलं, तेव्हा आमच्यातले जुने खेळाडू ‘हे काय बोलिंग आहे?’ म्हणून नाक मुरडत होते. त्याचा अंगठा भोकात जातच नाही. डावा हात चेंडूला अगदी शेवटपर्यंत धरून असतो, त्यामुळे उजवं मनगट वाकलेलं राहतं आणि वजन त्याला मागे मोडू शकत नाही. म्हणजे पट्ट्याचं काम दुसऱ्या हाताने केलं, तेही बिनपैशात. आता ज्युनियर लीगमधली निम्मी पोरं तशीच टाकताना दिसतात. मात्र त्याला कंबर आणि गुडघे धडधाकट लागतात, त्यामुळे पट्ट्यांचं गिऱ्हाईक म्हणजे आता मुख्यतः आम्हीच.

आमच्या सीनियर लीगमधल्या एकाने परवा खिट्ट्यांचा नवाकोरा पट्टा मागवला. जांभळा. आल्यापासून दर गेममध्ये खिट्ट्या फिरवतोय आणि मनगट दुखतं म्हणतोय. त्याच्या अंगठ्याचं भोक ढिलं आहे, लांबूनही दिसतं. मी तसं सांगितलं, खिशातला टेपही पुढे केला. तर म्हणाला, छे, याचे रिव्ह्यू फार चांगले आहेत.