मटणाचा मुलूख

७ ऑक्टोबर, गॉवर

वेल्समधल्या या द्वीपकल्पाच्या उत्तर किनाऱ्यावर, खाजणात दिवस गेला. भरती ओसरली की मेंढ्या इथं उतरतात आणि खाऱ्या चिखलात उगवलेला पाला चरतात. इथल्या कोकराच्या मटणाला २०२१ मध्ये भौगोलिक संरक्षण मिळालं. भलत्याच मटणावर गॉवरचं नाव लावून कुणी चढा भाव घेतला, तर बुडतो तो इथला मेंढपाळ. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरला की बागायतदार बुडतो, तसाच.

१० ऑक्टोबर

प्रयोगशाळेत कत्तलखान्यातून नमुने आले. कानातल्या बिल्ल्यांचे क्रमांक वहीत उतरवले. मटण गोठवून सुकवायचं, ईथरनं चरबी काढायची, उरलेल्याची पूड करायची आणि जेमतेम मिलिग्रॅमभर पूड कथिलाच्या इवल्या वाटीत मिटवून यंत्रात जाळायची. २०१३ मध्ये गोमांस म्हणून घोड्याचं मांस विकल्याच्या प्रकरणात डीएनएनं प्राणी ओळखला. तो कुठं चरला, हे मात्र समस्थानिकांनाच, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंनाच, विचारावं लागतं.

१७ ऑक्टोबर

आज कार्बन. जड कार्बनचा आकडा, ठरलेल्या मानकाच्या तुलनेत, मक्यात उणे १२ दर हजारीच्या आसपास, इथल्या गवतात उणे २८ च्या. मक्यावर पोसलेलं अमेरिकी गोमांस त्यामुळं चटकन वेगळं पडतं. पण ब्रिटनच्या बाजारात येणारं न्यूझीलंडचं कोकरूही गवतावरच वाढतं. तिथं एकटा कार्बन पुरत नाही. मग पाणी बघायचं. समुद्रावरचा ढग आत सरकताना जड ऑक्सिजन आणि जड हायड्रोजन आधी पावसात टाकतो. जनावर ते पाणी पितं आणि ती खूण मांसात उतरते.

२१ ऑक्टोबर

दिवसभर गंधक. समुद्राच्या सल्फेटातला गंधक मानकापेक्षा सुमारे २१ दर हजारीनं जड. तुषारांबरोबर तो किनाऱ्यावरच्या गवतात येतो. पण खाजणाच्या प्राणवायूविना कुजणाऱ्या चिखलात जिवाणू त्याच सल्फेटापासून हलकं सल्फाइड बनवतात आणि मुळं तेही शोषू शकतात. नुसतं किनाऱ्यापासूनचं अंतर मोजून अंदाज बांधणं धोक्याचं.

२९ ऑक्टोबर

अहवालाचा मसुदा झाला. आकडा गावाचं नाव सांगत नाही. हा नमुना इथल्या खात्रीच्या कोकरांशी जुळतो की नाही, एवढंच सांगतो. जुळला नाही तर कागदपत्रं तपासायची. ऋतू, पाऊस, खुराक सगळं बदलतं, म्हणून खात्रीचे नमुने दरवर्षी नव्यानं जमवावे लागतात. यंत्र एकदा विकत घेता येतं, हे काम मात्र थांबवून चालत नाही. पुढच्या वर्षाचा निधी मागताना पहिली मागणी या नमुन्यांचीच ठेवली आहे. प्रामाणिक मेंढपाळाच्या बाजूनं उभा राहणारा पुरावा इथूनच तयार होतो.