आधी वस्ती, मग बेट

मुंबईतल्या पवईत जन्म काढलेल्या माणसालाही आपण बेटावर राहतो हे सहसा जाणवत नाही. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला समुद्र आणि दक्षिणेला भराव घालून आवळलेली माहीमची खाडी, यांच्या मधलं साष्टी हे बेट आहे. माणूस एखाद्या भूमीवर पहिल्यांदा आला तेव्हा तिथल्या जनावरांचं काय झालं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्या दृष्टीने साष्टीचं बेट वेगळं आहे.

एरवी बेटांची कहाणी वाईटच असते. ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांच्या मधल्या मॅक्वारी बेटावर १८१० साली सील मारणाऱ्यांचं जहाज पोचलं. किनाऱ्यावर फरवाल्या सीलचे कळप होते. दोन पायांवर चालत येणाऱ्या जिवापासून पळायला हवं, हे त्यांच्या कोणत्याच पिढीला ठाऊक नव्हतं. दहाएक वर्षांत ते जवळजवळ संपले. मग तेलासाठी हत्ती-सील आणि पेंग्विन मारले गेले. जहाजांतून आलेल्या उंदीर, मांजरं आणि सशांनी पक्ष्यांची अंडी, पिल्लं आणि डोंगरउतारावरचं गवत फस्त केलं. हे उपरे प्राणी पुरते हटवले गेल्याचं जाहीर व्हायला २०१४ साल उजाडलं.

साष्टीत मात्र क्रम उलटा आहे. वीसएक हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. किनारा दूर पश्चिमेला होता, खाड्या नव्हत्या आणि साष्टी हा मुख्य भूमीचाच डोंगराळ भाग होता. माणूस त्याच्याही आधीपासून इथे होता. कांदिवली स्टेशनच्या पूर्वेला बॅक बेच्या भरावासाठी माती-मुरूम उपसला गेला, त्या परिसरातल्या नाल्याच्या थरांत के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याला पुराश्मयुगातली दगडी हत्यारं सापडली; १९३९ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली. पुढे मढ-मार्वेच्या किनारपट्टीत त्यांना सूक्ष्मास्त्रंही मिळाली. नखाएवढ्या या दगडी पात्या लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत बसवून वापरत. सात-आठ हजार वर्षांपूर्वी पाणी चढत आजच्या पातळीजवळ आलं, तेव्हा माणूस, बिबट्या, चितळ, सांबर सगळे आधीच इथे होते. समुद्राने त्यांना एकत्र कोंडलं.

म्हणून इथलं जनावर माणसाला ओळखतं. बिबट्याचं रात्री निघणं, आवाज कानी येताच झुडपात दबून बसणं, हे मला हजारो पिढ्यांच्या शेजाराचं फळ वाटतं. माणसानेही आपली बाजू सांभाळली. कान्हेरीत इसवीसनापूर्वी पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षं वस्ती होती. शंभराहून अधिक लेणी आणि जवळपास प्रत्येक लेण्याला पावसाचं पाणी साठवणारी पोढी. या व्यवस्थेवर एवढा मोठा भिक्षुसंघ जंगलाच्या ऐन मध्यात राहिला आणि भोवतालचं जंगल टिकलं. आजही कोरड्या दिवसांत काही पोढ्यांत पाणी असतं. तिथे उभी राहिले की पुरातत्त्व आणि वन्यजीव असे दोन वेगळे विभाग आपण का केले, असं माझ्या मनात येतं. आरे वसाहतीतले आणि कान्हेरीभोवतीच्या राष्ट्रीय उद्यानातले वारली आदिवासी वाघोबाला पुजतात, त्याचा मान ठेवतात. ही भाबडी श्रद्धा म्हणून बाजूला सारणाऱ्यांशी माझं जमत नाही. शेजाऱ्याशी कसं वागायचं याचे नियम त्या पूजेत आहेत.

सगळं निभावलं असं मात्र नाही. विहार तलावाजवळ १९२९ साली वाघ मारला गेल्याची नोंद आहे. आज साष्टीत वाघांचं रान उरलेलं नाही. २००४ च्या जूनमध्ये बिबट्यांनी अनेक माणसं मारली. बाहेरून पकडलेले बिबटे उद्यानात आणून सोडले जात होते, याकडे अभ्यासकांनी बोट दाखवलं. ते या बेटावर उपरे होते. इथल्या वाटा, इथली माणसं, कशाचीच त्यांना ओळख नव्हती. पकडून सोडणं थांबलं, कचरा उचलणं आणि वस्त्यांशी बोलणं सुरू झालं, तेव्हा हल्ले घटले.

पवई तलाव तसा कालचा. पिण्याच्या पाण्यासाठी तो १८९१ साली बांधला गेला आणि पाणी पिण्यालायक ठरलं नाही. मगरींनी मात्र त्याला आपलं मानलं. मगर उन्हाळ्याच्या तोंडावर काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते. पिल्लू नर होणार की मादी, हे त्या मातीच्या उबेवर ठरतं. म्हणजे मगरीला पाण्याइतकाच मोकळा, उन्हाचा, मातीचा काठ लागतो. त्याच काठावर सायकलमार्ग होऊ घातला होता. आयआयटीतले संशोधक विद्यार्थी न्यायालयात गेले आणि मे २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने तो बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करायला सांगितलं. निकाल लागला तरी तलावात येणारं सांडपाणी आणि त्यावर पोसलेली जलपर्णी आहेच. काठाचा जो मातीचा तुकडा अजून दगड-सिमेंटखाली गेलेला नाही, तो आधी नकाशावर आखून घ्यावा आणि फेब्रुवारीपासून पावसापर्यंत तिथे कुणी फिरकू नये, एवढी माझी मागणी आहे.