एल्व्हा नदीकाठी

सिॲटलहून फेरीबोटीने खाडी ओलांडली की पोर्ट अँजलिसपर्यंत गाडीने सुमारे दोन तास लागतात. गावाच्या पश्चिमेला एल्व्हा नदी ऑलिंपिक डोंगरांतून उतरून समुद्राला मिळते. आम्ही नातेवाइकांबरोबर सप्टेंबरात गेलो. मॅडिसन धबधब्यापाशी गाडी थांबवावी लागली, कारण पुढचा रस्ता नदीनेच तोडून नेला आहे. तिथून पायी ग्लाइन्स कॅन्यन गाठले. इथे १९२७ साली बांधलेले ६४ मीटर उंच धरण होते. आता दोन्ही काठांवर काँक्रीटचे अवशेष आहेत आणि मधून नदी मोकळी वाहते.

याच्या खालचे एल्व्हा धरण १९१३ चे, समुद्रापासून जेमतेम आठ किलोमीटरवर. विजेसाठी बांधले, पण मासे वर चढण्यासाठी वाट ठेवलीच नाही. तशी वाट ठेवण्याचा कायदा तेव्हाही होता! सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा आपल्याच नदीत येतो. मादी शेपटीने खडीत खळगा करून त्यात गाबोळी सोडते. इथला चिनूक जातीचा सॅमन शंभर पौंडांपर्यंत भरत असे म्हणतात. वरची शंभराहून अधिक किलोमीटरची नदी आणि तिचे ओढे त्याला बंद झाले. खाली उरलेल्या पट्ट्यात खडीही येईना, ती धरणामागे अडकलेली. (आपल्याकडच्या रावसाला हॉटेलवाले 'इंडियन सॅमन' म्हणतात, पण तो वेगळा मासा.)

नदीच्या मुखाशी क्लॅलम जमातीची वस्ती आहे. १८५५ च्या तहात सरकारने त्यांचा मासेमारीचा हक्क मान्य केला होता. तरी पुढे त्यांच्याच नदीवर मासे धरल्याबद्दल त्यांना अटक होई. १९७४ च्या न्यायालयीन निकालाने वॉशिंग्टन राज्यातल्या अशा जमातींना हक्काचा अर्धा वाटा मिळाला. पण एल्व्हात वाटून घ्यायला मासे कुठे होते? १९८६ मध्ये जमातीने धरणे काढण्याची रीतसर मागणी केली. १९९२ मध्ये काँग्रेसने कायदा केला. प्रत्यक्ष हातोडा पडला तो सप्टेंबर २०११ मध्ये. ज्यांनी मागणी केली, त्यांतल्या काही बुजुर्गांना तो दिवस पाहायला मिळाला नाही.

खालचे धरण २०१२ मध्ये गेले, वरचे २०१४ मध्ये. जलाशय उतरला तेव्हा क्लॅलम लोक आपली उत्पत्ती जिथे झाली असे मानतात, तो खडकही उघडा पडला. पिढ्यान्‌पिढ्या फक्त ऐकलेली जागा त्यांनी डोळ्यांनी पाहिली. साठलेला गाळ नदीने समुद्राकडे नेला आणि मुखाशी नवा किनारा तयार झाला. आम्ही त्या वाळूवर चाललो. जलाशयाच्या उघड्या तळावर जमातीच्या लोकांनी, पार्कच्या कर्मचाऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी स्थानिक झाडांची रोपे लावली, बी पेरले. आज तिथे झुडपे उभी आहेत.

सगळे गोडीगुलाबीने झाले असे मात्र नाही. गाळात मासे मरतील म्हणून हॅचरीत पिल्ले वाढवून सोडावीत, असे जमातीचे मत. हॅचरीचा मासा रानटी माशाचे रक्त बिघडवतो म्हणून काही संघटना कोर्टात गेल्या. आम्हाला दोघांचीही काळजी खरी वाटते. पण आधी शतकभर उपाशी राहिलेल्यांना आणखी थांबा म्हणणे सोपे नव्हे.

थांबायला ते तयार होतेच. २०११ मध्ये जमातीने स्वतःच्या लोकांवरही एल्व्हातली मासेमारी बंद केली. ज्या माशासाठी भांडले, तो नदीत परतू लागला तरी जाळे टाकायचे नाही! तेव्हा जन्मलेली मुले बारा वर्षांची झाली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी त्यांना या नदीत मासा धरायला शिकवायचे कसे? हे ऐकून आमच्या अम्मी म्हणाल्या, ''कोकणात बारा वर्षे मासळी बंद ठेवली असती तर घराघरांत भांडणे झाली असती.''

ऑक्टोबर २०२३ मध्ये बंदी थोडी उठली: फक्त जमातीसाठी, विधी आणि घरच्या जेवणापुरती, फक्त कोहो जातीसाठी. चिनूकला अजून हात लावायचा नव्हता.

परतताना पुलावरून आम्ही बराच वेळ खाली पाहत राहिलो. खडीच्या उथळ जागी एक गडद पाठ दिसली, प्रवाहाच्या उलट तोंड करून, शेपटी हलवत एकाच जागी.