नालाची खूण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा बंगळूरचा भाचा चार दिवस इंदुरास राहून गेला. नोकरीने तो इंजिनियर. जीव मात्र हेडफोनमध्ये गुंतलेला. बॅगेतून तीन हेडफोन निघाले, प्रत्येक आपापल्या मऊ कापडी पिशवीत; देव्हाऱ्यातले देवच जणू प्रवासास निघाले होते. रात्री निजानीज झाली की स्वारी जेवणाच्या टेबलाशी संगणक उघडून बसे. मास्तरकीच्या सवयीने मी विचारले, "अभ्यास कसला चाललाय?"

"मामा, विकिपीडियावर हेडफोनचा इतिहास लिहितोय."

मला हसू आले. इतिहास राजवंशांचा असावा, वाङ्मयाचा असावा. कानाला लावायच्या वस्तूचा कसला इतिहास? पण तो सांगू लागला आणि घड्याळाकडे माझे लक्ष राहिले नाही. अमेरिकेतील युटा प्रांतातला नाथानियल बाल्डविन हा गृहस्थ १९१० च्या सुमारास आपल्या स्वयंपाकघरात बसून हेडफोन बनवीत असे. अमेरिकन आरमाराला त्याने नमुना पाठविला आणि तो पसंत पडला. आरमाराकडून मागणी आली, तरी जुळणी स्वयंपाकघरातच! १९३७ साली बर्लिनच्या ऑयगेन बायर यांनी डीटी ४८ नावाचा हेडफोन काढला. तो पुढे कित्येक दशके विकला जात होता. १९५८ साली मिलवॉकी शहरी जॉन कॉस यांनी घरात एकट्याने ऐकण्यासाठी एक सुटसुटीत ग्रामोफोन मांडला, व त्याबरोबर जोडवस्तू म्हणून स्टिरिओ हेडफोन ठेवला. लोकांनी ग्रामोफोन बाजूला सारला आणि जोडवस्तूच उचलली. १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझर कंपनीचा एचडी ४१४ आला. पिवळ्याधमक स्पंजाच्या गाद्या, पाठीमागून उघडा, वजनाला हलका. तोवर कान बंद करणे म्हणजेच हेडफोन, अशी समजूत होती. १९७९ च्या वॉकमनची गोष्ट तर आपल्यापैकी पुष्कळांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

हे सारे ठाऊक असणे वेगळे आणि कोशात लिहिणे वेगळे, हे मला त्या रात्री कळले. जगभरची ही हौशी मंडळी एकमेकांना न भेटता जुने कॅटलॉग धुंडाळतात, पेटंटची कागदपत्रे वाचतात, पिवळ्या पडलेल्या मासिकांतल्या जाहिराती तपासतात. एखादा हेडफोन अमुक साली निघाला की त्याच्या पुढल्या, यावर आठवडाआठवडा वाद चालतो, आणि कोणी काय लिहिले, कोणी काय खोडले, याची तारीखवार नोंद पानामागे राहते. स्वतः हेडफोन उघडून आतले लोहचुंबक मोजले, तरी ते "मी पाहिले" म्हणून लिहिण्याची सोय नाही. छापील आधार पाहिजे. आधार नसला तर वाक्यापुढे 'संदर्भ हवा' अशी पाटी लागते. पुढे कोणी ते वाक्यच काढून टाकतो. आमच्या केतकरांनी ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, त्या जातीची ही चिकाटी. वेतन मात्र कोणासच नाही.

तेव्हा मीही उत्साहाने म्हणालो, "अरे, आपल्या घरीही एक जुना हेडफोन होता."

अण्णांचा. आकाशवाणीचे इंदूर केंद्र १९५५ साली सुरू झाले. त्यानंतर कधीतरी त्यांनी स्वतःच्या हाताने क्रिस्टल सेट जुळवला. त्याला ना वीज लागे, ना बॅटरी. गच्चीवर लांब तार, दुसरे टोक नळाला, आणि जे काही आकाशातून येईल त्याच क्षीण प्रवाहावर आवाज उमटायचा. म्हणूनच त्या हेडफोनमध्ये केसासारख्या तारेचे हजारो वेढे असत. घरात आजी आजारी. रात्री रेडिओचा आवाज चालत नसे. माझ्या लहानपणी मोठा रेडिओ आलेला होता, तरी अण्णा रात्री तो सेट काढीत. हेडफोनचा एक कान ते स्वतः लावीत, दुसरा वळवून माझ्या कानाशी धरीत. एकदा मी टोपण फिरवून आतली लोखंडी चकती काढली व ती वाकवून ठेवली. ते रागावले नाहीत. रात्रभर ती सपाट करीत बसले.

भाचा सरसावून बसला. "कंपनी कोणती, मामा? त्यावर काय लिहिलं होतं?"

मला आठवेना. आठवत होता फक्त २००० हा आकडा आणि त्यापुढे घोड्याच्या नालासारखी एक खूण. ती ओहमची खूण, हे मला फार पुढे शाळेत कळले.

"आणि हेडफोन?"

अण्णा १९९८ साली गेले. २००३ साली घराला रंग दिला, तेव्हा माळ्यावरचे खोके मीच कबाड्याला दिले. वजनावर.

तो काही बोलला नाही. मी म्हणालो, "मी सांगतो ना, माझ्या डोळ्यांनी पाहिलाय. एवढं पुरे नाही का?" तो अवघडून म्हणाला, "मामा, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण तो संदर्भ होत नाही."

मला राग आला, हे कबूल करतो. खोलीत जाऊन पडलो, पण झोप लागेना. दोन वर्षांपूर्वी एक शेतमजूर बाई नातवाला घेऊन माझ्या कार्यालयात आली होती. दाखल-खारिज रजिस्टरात मुलाचे जन्मवर्ष चुकले आहे, म्हणत होती. "पोळ्याच्या आदल्या दिवशी झाला, मीच नाळ कापली," असे तिने तीनदा सांगितले. मी तीनही वेळा एकच म्हणालो: "दाखला आणा." ती पुन्हा आली नाही. रजिस्टरात ते वर्ष अजून तसेच आहे.

सकाळी मी धाकट्या भावाकडून त्याच्या मुंजीचे छायाचित्र मोबाईलवर मागविले. मागच्या फळीवर, समईशेजारी, तो हेडफोन दिसतो आहे. भाच्याने ते पडद्यावर मोठे मोठे केले. वरची पट्टी, दोन काळे ठिपके, एका ठिपक्यावर अण्णांच्या उपरण्याची सावली. नाव दिसेना.

परतीच्या दिवशी रिक्षा दारात उभी असताना त्याने एकाएकी विचारले, "मामा, त्याचा आवाज कसा होता?"

मी म्हणालो, "पातळ. पत्र्याच्या डब्यातून, फार लांबून कोणी बोलावं तसा. सतार बरी वाटायची, तबला मुळीच नाही. आणि अण्णांच्या श्वासाचा आवाज त्याच्याहून मोठा यायचा."

त्याने पिशवीतून वही काढली, मजकूर लिहिला, तारीख घातली आणि खाली माझी सही घेतली.

"कोशात चालेल का रे हे?"

"नाही चालणार," तो म्हणाला, आणि वही नीट आत ठेवली.