वेंटीतला दिवाणजी

सिडनीतल्या वेंटवर्थव्हिलला इथली माणसं लाडानं 'वेंटी' म्हणतात. वेंटीतून डनमोर स्ट्रीटनं पेंडल हिलच्या दिशेनं चालत सुटलं, की कोथिंबिरीच्या जुड्या आणि डोशाचा वास मागं पडतो आणि बाँड्सच्या जुन्या सूतगिरणीची जागा येते. ऑस्ट्रेलियात घरोघरी बाँड्सचा बनियन असतो. त्याचं सूत १९२० च्या दशकापासून इथं कातलं जाई. २००९ मध्ये मालक कंपनीनं देशातले बहुतेक कारखाने बंद करायचं जाहीर केलं. १८०० हून अधिक माणसांच्या कामावर गदा आली आणि बनियन आशियातून शिवून येऊ लागला.

नव्या नोकरीवर रुजू व्हायच्या आधी मी या रस्त्यानं बराच फिरलो. आषाढ होता, म्हणजे इथं भर हिवाळा. तारांवर पांढरे काकाकुवा कर्कश भांडत होते. मी इचलकरंजीचा. गिरणीची भिंत दिसली की कान आपोआप खडखडाट शोधतात. विठ्ठलराव दातारांनी १९०४ साली आमच्याकडे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून ते गाव झोपेतही माग ऐकत असावं.

माझी पहिली नोकरी तिथल्याच एका कारखान्यात, दिवाणजीची. ताके मोजायचे, वहीत मीटर मांडायचे, आठवड्याचा पगार काढायचा. मजुरी पिकावर. एका इंचात आडवे धागे किती, ते पीक. पीक वाढलं की कापड दाट होतं, पण मीटर कमी निघतात, म्हणून दर चढा. हे गणित अजूनही बोटांवर आहे. वीज गेली की माग थांबत आणि मागाबरोबर मजुरीही थांबे. विणकर दारात बिडी ओढत बसत. अंगातला घाम तिथंच वाळे. त्यांचा तो तास माझ्या वहीच्या कुठल्याच रकान्यात नसे.

सिडनीत आल्यावर जो तो विचारी, 'लोकल एक्सपिरियन्स आहे का?' नव्हता. मग गोदामात खोकी चिकटवली, पेट्रोल पंपावर रात्री काढल्या. कॅज्युअल कामगार, म्हणजे तासाला २५ टक्के जास्त, पण पगारी रजा नाही, आजारपणाचीही नाही. त्या रात्रींबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सोबतीला एक नेपाळी मुलगा होता आणि त्याचा चहाचा थर्मास.

आता पॅरामॅटात, दोन स्टेशनं पलीकडं, पेरोलचं काम मिळालंय. इथलं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, त्यामुळे रुजू झालो तो थेट धबडग्यातच. पूर्णवेळ कामगाराचा आठवडा ३८ तासांचा. पाळीत यंत्र तासभर अडलं, तरी तो तास सहसा पगारात धरला जातो. पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा दारात बिडी ओढणारे ते चेहरे डोळ्यांपुढं आले. (मोठा बिघाड झाला तर माणसं बिनपगारी बसवायची सोय कायद्यात आहे, हेही लगेच कळलं. स्वर्ग इथंही नाही.)

पण पडद्यावर सगळे तास सारखेच दिसतात. कुठला रात्री तीनचा, कुठला पाठ धरलेल्या माणसाचा, काही उमटत नाही. एका कॅज्युअल मुलाच्या नावापुढं माझी नजर अडकली. शेजारची बाई केव्हाच पुढच्या पानावर पोचली होती. पुन्हा तपासलं, तर रात्रपाळीची जादा रक्कम लागलीच नव्हती. लावली. याला कौशल्य म्हणायचं का, ठाऊक नाही. माझी ही नजर मात्र दिवाणजीच्या वहीवर तयार झाली आहे.

नोकरी शोधताना एका सल्लागारानं बायोडाटातून इचलकरंजीची ओळ काढून टाकायला सांगितलं होतं. इथं कुणाला कळणार नाही म्हणे. मी ठेवली, आणि मुलाखतीतला अर्धा वेळ पिकाच्या दरावरच गेला. नव्यानं इकडं येणाऱ्यांनो, तुमच्याकडं अशी एखादी ओळ असेल तर खोडू नका. पहिल्या पानावर लिहा.