शिराळ्यांतील एक रज्जुसर्प

शिराळ्याचें नांव काढतांच परगांवच्या मंडळींस प्रथम नागपंचमी आठवते. समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक येथें आहे, हें त्यानंतर कोणी जाणता सांगतो. नागांच्या या गांवीं जन्म काढलेल्या माणसानें तरी दोरीस साप समजूं नये. परंतु गेल्या उन्हाळ्यांत तें आमच्या हातून घडलें, आणि त्यापायीं एका निरपराध मुलाच्या पोटावर पाय येणार होता. आपल्याच फजितीची ही हकीकत लिहावी कीं न लिहावी, असें पुष्कळ दिवस मनांत होतें. "शाळेंत मुलांकडून चुकलेला शब्द दहा दहा वेळां लिहून घेत होतां, आतां आपली एक चूक लिहायला काय हरकत?" असा सवाल आमच्या कुटुंबानें केला, तेव्हां लेखणी हातीं घेतली.

शाळेंतून निवृत्त झाल्यावर गांवांतील एका वाचनालयाचें चिटणीसपद आमच्याकडे आलें. तेथील आंतल्या खोलींत एका लांकडी कपाटांत सर्व्हर ठेवलेला आहे. पुस्तकांची यादी, वर्गणीदारांची नांवें, नेल्या-आणल्याच्या नोंदी, सर्व त्याच्या पोटांत. बाहेरचे तीन संगणक तारेनें त्याला जोडलेले. सकाळीं आठ ते बारा जुने ग्रंथपाल बसतात, सायंकाळीं चार ते आठ एक तरुण मुलगा. हा मुलगा चैत्रांत कामास लागला, आणि वैशाखांत तक्रारी सुरू झाल्या. पुस्तक फळीवर हजर, आणि तें परत केलेल्या वर्गणीदारास मात्र मागणीची चिठ्ठी! अशीं सत्तावीस पुस्तकें निघालीं. सकाळच्या पाळींतील एकहि नाहीं, सर्व सायंकाळचीं.

मुलगा म्हणे, "गुरुजी, मी नोंद करतो, पण पडद्यावर चक्र फिरत राहतं आणि पुढं काही होत नाही. म्हणून मी वहीतही लिहून ठेवलंय." आम्हीं ती वही उघडूनहि पाहिली नाहीं. छत्तीस वर्षांच्या मास्तरकींत "गृहपाठ केलाय, पण वही घरी राहिली" हें वाक्य इतक्यांदा ऐकलें होतें कीं, सबब आणि साक्ष यांतील भेद आमच्या कानांस उमगेनासा झाला होता. मुलगा आला आणि बिघाड आला. म्हणून बिघाड मुलाचा! कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एक गांठ पडली. यालाच काकतालीय न्याय म्हणतात, हें आम्ही लहानपणीं वडिलांजवळ शिकलों, पुढें मुलांस शिकविलें. आणि तरीहि त्याला कामावरून कमी करण्याचा ठराव स्वहस्तें लिहिला. सभा सोमवारीं होती.

शनिवारीं रात्रीं पंक्तीस बसलों असतां हा ठराव घरांत सांगितला. आमची धाकटी सून सांगलीच्या वालचंद महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकलेली आहे. ती म्हणाली, "नाना, त्याआधी मला एकदा सर्व्हर पाहू द्याल का?"

"त्यांत काय पाहावयाचें? त्याच्या नेटवर्क कार्डाचा हिरवा दिवा लागलेला असतो. आम्हीं स्वतः पाहिला आहे."

"दिवा लागला म्हणजे तार जोडलेली आहे, इतकंच. बोलणं नीट पोचतं असं नाही."

आम्ही गप्प झालों. अग्नि दिसला म्हणून धूर असलाच पाहिजे, असें अनुमान करूं जावें, तर तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असून धूर नसतो. असल्या फसव्या हेतूस नैयायिक सव्यभिचार म्हणतात. आमचा हिरवा दिवा त्याच जातीचा होता.

रविवारीं वाचनालय बंद असतें. सकाळीं आठ वाजतां आम्ही सासरा-सून किल्ल्या घेऊन गेलों. तिनें प्रथम सर्व्हरास स्वतःलाच हांक मारावयास लाविलें, उत्तर आलें. "पण यावरून कार्ड चांगलं ठरत नाही," ती म्हणाली, "ही हाक कार्डापर्यंत जातच नाही, आतल्या आत फिरते." मग बाहेरच्या संगणकावरून सर्व्हरास एकसारखी हांक घालणारी 'पिंग' नांवाची आज्ञा तिनें चालू केली. माइक म्यूस या अमेरिकन गृहस्थानें १९८३ च्या डिसेंबरांत अशाच एका बिघाडाचा शोध घेतांना ती लिहिली. जहाजानें पाण्यांत ध्वनि सोडून पाणबुडीवरून येणारा प्रतिध्वनि ऐकावा, तशी ही युक्ति. बारा वाजेपर्यंत एकहि हांक वांया गेली नाहीं. आमच्या मनांत आलें, मुलगा नाहीं, म्हणून बिघाडहि नाहीं, ठराव कायम!

एकच्या सुमारास पहिली हांक कोरडी गेली. दोन वाजतां दहांतील तीन-चार जाऊं लागल्या. हिरवा दिवा जळतच होता. आणि मुलगा आपल्या घरीं होता.

त्यानंतर तिनें एका वेळीं एकच गोष्ट बदलली. नवी केबल घातली, बिघाड तसाच. स्विचचा पोर्ट बदलला, तसाच. सर्व्हरची जुनी केबल जुन्या पोर्टासकट दुसऱ्या संगणकास जोडली. तो उत्तम चालला. मग सर्व्हर बंद करून कार्ड काढलें, पुसलें, पुन्हां घट्ट बसविलें; तेवढ्यांत निवाल्यामुळें तें घटकाभर चाललें आणि पुन्हां अडखळलें. "सगळं एकदम बदललं असतं, तर दोष कशात होता हे कळलंच नसतं," ती म्हणाली. अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द तिनें कधीं घोकले नव्हते. घोकले आम्हीं, वापरले तिनें.

कार्ड तापलें कीं अडखळत होतें. सकाळीं यंत्र थंड. दुपारपर्यंत बंद कपाटांत, वैशाखाच्या उष्म्यांत तें तापे. आणि चार वाजतां मुलगा येई, तो नेमका त्याच्या दुखण्याच्या वेळीं. तेव्हां टेबलाच्या खणांतील ती वही आम्हीं प्रथम उघडली. सत्तावीसहि पुस्तकें तींत वेळेसह, सुवाच्य अक्षरांत लिहिलेलीं होतीं.

अशी चूक आम्हां खेडवळांचीच होते असें नाहीं. ११ ऑगस्ट २००७ रोजीं अमेरिकेंत लॉस एंजेलिसच्या विमानतळावर परदेशांतून आलेल्या प्रवाशांची तपासणी करणारी संगणक-यंत्रणा बंद पडली, आणि १७,००० हून अधिक प्रवासी तासन्‌तास अडकून पडले. आरंभीं बाहेरून येणाऱ्या तारांवर संशय घेण्यांत कित्येक तास गेले. शेवटीं दोष निघाला तो एका साध्या संगणकांतील नेटवर्क कार्डाचा.

सोमवारच्या सभेंत आम्हीं ठराव मागें घेतला, आणि त्याच्या जागीं आपली दिलगिरी इतिवृत्तांत नोंदविली. मुलास समोर बोलावून सांगितलें, "बाळ, चूक यंत्राची होती, आणि त्याहून मोठी आमची." तो थोडा वेळ खालीं पाहत राहिला. मग म्हणाला, "गुरुजी, माझी वही परत मिळेल का? पुढची पानं कोरी आहेत."

बुधवारीं कोल्हापुराहून नवें कार्ड आणलें. तें बसविल्यावर सर्व्हर कोणासच सांपडेना! प्रत्येक कार्डास कारखान्यांतच बारा अक्षर-अंकांचा स्वतःचा क्रमांक मिळतो; आमच्या येथें सर्व्हरचा पत्ता जुन्या कार्डाच्या क्रमांकाशीं बांधलेला होता. सूनबाईनें तो बदलला. त्यानंतर सकाळीं आठपासून रात्रीं आठपर्यंत एकहि हांक चुकली नाहीं. मुलगा समोरच बसलेला होता. जुनें कार्ड तिनें एका रिकाम्या संगणकांत घालून पाहिलें. दुपार होतांच त्याचें रडगाणें तेथेंहि सुरू झालें. सिद्धांतास आतां कांहीं उणें राहिलें नाहीं.

घरीं परततांना आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. ही मुलगी सून म्हणून आली त्या वर्षीं आमची गाय दगावली होती, आणि माजघरांत 'पायगुण' हा शब्द कोणीसा उच्चारला होता. आम्हीं तो ऐकला. बोललों मात्र नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांत जो शेवटीं आला, त्याच्या माथीं पहिला दोष येतो. आणि ज्याचा दिवा वर्षानुवर्षें जळत असतो, त्याला तपासावें असें कोणास सुचत नाहीं. वाटेंत आम्हीं तिला म्हटलें, "मुली, त्या वेळीं आम्हीं बोलावयास हवें होतें."

"मला तेव्हाच ऐकू आलं होतं, नाना," ती म्हणाली; आणि सर्व्हराच्या कपाटास मागून जाळी बसवून घ्या, म्हणजे नवें कार्ड तापणार नाहीं, असें तिनें सांगितलें. जाळी दुसऱ्याच दिवशीं बसविली.